लेदानला आहे का कोणी?

आईच्या पायांशी तीनदा डोकं टेकून थुझार लिहिते,

मी यांगूनमध्ये मजेत आहे. थोडी वाळलेय, पण ती चालून चालून.

इथं थांबा जवळ आला की कंडक्टर ओरडतो, "लेदानला आहे का कोणी?" उतरणाऱ्यानं "आहे!" म्हणायचं, नाहीतर बस थांबतच नाही. लेदान माझा थांबा, पण माझ्या तोंडून आवाजच फुटेना. दुसरं कोणी ओरडेल तिथं उतरून रोज दोन थांबे मागे चालत यायचे. काल शेजारच्या मावशींनी कोपर मारलं, "अगं, ओरड की!" मी ओरडले. रोजचाच कंडक्टर हसला, "आली एकदाची वाचा!"

तुझा खोकला कसा आहे? ताट वाढलंस की अजून सवयीनं मला हाक मारतेस, असं दादानं लिहिलंय. मारत जा, आई. मी इथून म्हणेन, "आहे!"

तुझी थुझार