तीन ग्रॅमनं कमी झालेलं गुरुत्वाकर्षण

७ जून १९८७, रविवार
आजपासून रोजनिशी. कुणी वाचावी म्हणून नव्हे. शोध आधी कुणाचा, असा वाद पुढे निघाला तर तारखा हाताशी असाव्यात.
पुण्याच्या वर्गमित्रानं सुपरकंडक्टरची काळी वडी पाठवली. रुपयाएवढी. अतिथंड केली की तिच्यातून वीज विनाअडथळा वाहते, लोहचुंबक तिच्यावर तरंगतं. हे आता पेपरातही आलंय. ती गुरुत्वाकर्षणही अडवत असणार, हे मात्र फक्त मला सुचलं. मला चौदा वर्षं डेमॉन्स्ट्रेटर म्हणून सडवणाऱ्या हेडसाहेबांना दिवाळीच्या आत कळेल, ढुंढिराज कोण ते.

११ जून
अडचण. द्रव नायट्रोजन हवा. कॉलेजात नाही. मिळण्यासारखा आहे तो गाईंच्या कृत्रिम रेतन केंद्रात. तिथे वळूचं वीर्य बारीक कांड्यांत भरून नायट्रोजनच्या कंटेनरमध्ये बुडवून ठेवतात. आणि केंद्र सांभाळतो कोण, तर आमचा मेहुणा वेणीमाधव. राहतो आमच्याच पंचवटीतल्या बिऱ्हाडात. याला योग म्हणतात.
वेणी नाही म्हणाला. पातळी उतरली की कांड्या मरतात आणि वरून काही कळत नाही, म्हणे. आठ वर्षं टेंपररी आहे, दिवाळीला पर्मनंटची ऑर्डर निघणार, वणीच्या मुलीशी लग्न त्या ऑर्डरवर अडलंय. किती लहान स्वप्नं असतात माणसांची. शेवटी उत्तरेनं, म्हणजे आमच्या हिनं, भावाकडे रदबदली केली. रविवारी अर्धा थर्मास मिळणार.

१४ जून, सकाळी
थर्मासचं बूच घट्ट लावलं होतं. ते उडून छताला लागलं. वर गेलं, हे नोंदण्यासारखं.
कॉलेजचा तराजू, त्यावर थर्माकोलचा डबा, डब्यात नायट्रोजन, त्यात वडी. दहा मिनिटांत वजन तीन ग्रॅमनं कमी. देवाजवळ साखर ठेवली.
उत्तरा म्हणाली, डब्यातून वाफ निघतेय, तीच उडून जात असेल. मॅट्रिक नापास बाईशी काय बोलायचं. आमटी अळणी झालीय, ते तिला कळलं नाही.

२८ जून, रविवार
वेणी वणीला गेलाय, होणाऱ्या सासुरवाडीला. केंद्राची चावी खुंटीवर. विज्ञानानं खुंटीकडे बघत बसायचं का?
सायकलवर दोन थर्मास, सहा फेऱ्या. कंटेनरचा तळ दिसला. बावीस रीडिंगं घेतली, प्रत्येक वेळी वजन कमी. वडी न घालता एकदा करून बघायचं राहिलं. गरज नाही.
उद्या नायट्रोजनची पंधरवड्याची गाडी येऊन कंटेनर भरून जाईलच. कांड्या एक दिवस कोरड्या राहिल्या तर काय बिघडतं.

१९ जुलै
गाडी २९ जूनलाच आली, भरून गेली. वेणीला पत्ता नाही. उद्यापासून पहाटे पाचला उठून लेख लिहिणार.

२० जुलै
उठलो सव्वाआठला. ढगाळ होतं.

३० ऑगस्ट
मखमलाबादची झुंबरबाई दारात. हिची एकच गाय. वेणीनं दोनदा रेतनाचं इंजेक्शन दिलं, दोन्ही वेळा गाय उलटली, गाभण राहिलीच नाही. वेणीला म्हणाली, "दादा, लय आशेनं आले व्हते. भाकड गाय किती दिस पोसू मी?" आणखी एक्केचाळीस गाईंचं हेच झालंय म्हणे. हवामान असेल. मी तिला गाईचा खुराक बदलायला सांगितलं. उपकाराचा एक शब्द बोलली नाही.

२४ सप्टेंबर
वेणीची चौकशी लागली. गाडीवाल्याच्या वहीत सापडलं की २९ जूनला कंटेनर रिकामा होता. वेणीनं जबाब दिला, कंटेनर गळका असेल.
जेवताना मला विचारलं, "भाऊजी, त्या रविवारी तुम्ही किती काढलंत?" मी म्हणालो, प्रयोगाच्या ओघात असं लक्षात राहत नाही. त्यानं ताटात हात धुतला. मग म्हणाला, तुमचं नाव घेणार नाही, ताईचा संसार आहे. बरं वाटलं. घरात एक तरी समंजस आहे.

३ ऑक्टोबर
चौकशी अधिकाऱ्याचं कॉलेजला पत्र. असा कंटेनर पंधरा दिवसांत आपोआप रिकामा होऊ शकतो का, शास्त्रीय मत द्यावं. हो म्हटलं तर वेणी सुटतो. हेडसाहेबांनी पत्र माझ्याकडे दिलं. इथे नायट्रोजन हाताळलेला मी एकटाच. चौदा वर्षांत पहिल्यांदा बसा म्हणाले.
खोटं कसं लिहू? बावीस रीडिंगं तयार होती. 'गुरुत्वाकर्षणातील घट' हे शीर्षक खोडलं, 'बाष्पीभवन' लिहिलं. तक्ता इतका सुरेख बसला की मीच दोनदा वाचला. निष्कर्ष: आपोआप अशक्य. नायट्रोजन कुणीतरी काढून नेला आहे.
गुरुत्वाकर्षणाचा लेख तूर्त बाजूला.

१९ ऑक्टोबर, सोमवार
वेणीला कामावरून काढलं. वणीहून निरोप आला, मुलगी दुसरीकडे दिली. झुंबरबाईची गाय खाटकाकडे गेली.
काढल्याच्या ऑर्डरला माझा अहवाल जोडलाय. खाली सही हेडसाहेबांची. माझं नाव कुठेच नाही, आभारातसुद्धा नाही. जेवण गेलं नाही.
वेणी वळकटी बांधत होता. उत्तरा रडत रडत अहवाल वाचत होती. म्हणाली, "कोण मेला असेल हो हा? इतकं मन लावून माझ्या भावाला बुडवलं."
मला राहवलं नाही. मेहनत माझी आणि श्रेय त्या माणसाला. सांगून टाकलं, अहवाल माझा आहे, शब्दन्‌शब्द माझा.
उत्तरा उठली. वेणीच्या हातातली पिशवी घेतली आणि त्याच्यामागून जिना उतरली. आकडे बरोबर आहेत, एवढं तरी तिनं म्हणायला हवं होतं.