लाल छिशांग, हिरवं थाइचुंग

आदरणीय दादा,

धाकट्या चिन-फाचा नमस्कार. तुमचा गुडघा आता वळतो का? वहिनींचा खोकला अजून असेल तर उदबत्त्या काही दिवस दाराबाहेर लावा. भूमिदेव समजूतदार आहे, रागवायचा नाही. मीही त्याच्याच कृपेने सोया सॉसच्या कारखान्यात अजून तक्ते भरतो आहे.

आमचे मालक लियाव साहेब यंदा एक दुकान बंद करणार, हे तुम्हाला माहीतच आहे. कुठलं, ते माझ्या स्प्रेडशीटवरून ठरायचं होतं आणि तिच्यात तुमचं दुकान सगळ्यात तळाला. (तुमच्या छिशांगची माणसं एका बाटलीत वर्ष काढतात, त्याला तुम्ही तरी काय करणार?) तुमची ओळ मी बारीक अक्षरांत टाकून पाहिली, पण तळाला ते तळालाच.

तेवढ्यात तैपेहून श्याव नावाचा विक्रेता परदेशी सॉफ्टवेअर घेऊन आला. आकडे घातले की रंगीत नकाशा बाहेर. साहेब मला म्हणाले, "तू देवाधर्माचा माणूस, तूच सांग, तक्ता की नकाशा?" मी भूमिदेवाला कौल लावला. नकाशा घ्यावा का विचारलं, तर कौलाची दोन्ही लाकडं सपाट बाजू वर करून पडली, म्हणजे देव हसला. तक्ताच ठेवावा का विचारलं, पुन्हा हसला. का हसतो आहे, ते मला सभेत कळलं.

यंत्राने शहाण्यासारखं चालावं म्हणून श्यावने संगणकावर खाऊची हिरवी पुडी ठेवली (आम्हीही ठेवतो, लाल ठेवली तर यंत्र हटून बसतं) आणि "चित्र समजवावं लागत नाही" म्हणून गाडी गाठायला पळाला. पडद्यावर अख्खं तैवान उमटलं. छिशांग लालभडक, आणि थाइचुंग, जिथे साहेबांचा मेहुणा सगळ्यांत जास्त माल खपवतो, ते हिरवंगार. परदेशात लाल म्हणजे धोका, हे मी कोपऱ्यातल्या बारीक टिपेत वाचलं. साहेबांचं आयुष्य मात्र आपल्या तैवानी शेअरबाजाराच्या फळ्यापुढे गेलेलं.

"छिशांगने नाव काढलं!" ते उभेच राहिले. "आणि हा आमचा मेहुणा, फक्त जेवायला पुढे!"

"दाजी, जरा चष्मा लावून बघा."

"चष्मा आकड्यांना लागतो, रंगांना नाही! चढला की लाल, पडला की हिरवा, शेंबडं पोरही सांगेल. काय रे चिन-फा, तुझा तक्ता काय म्हणतो?"

दादा, मी खरं सांगायला तोंड उघडलं होतं. बाहेर आलं ते एवढंच, "आकडे तेच आहेत, साहेब." (यात खोटं काही नाही. देवापुढे पुन्हा म्हणून पाहिलं.)

सॉफ्टवेअर घेतलं. तुमचं दुकान वाचलं. मेहुणा पडला घरचा, त्याला सुधारायला वर्षभराची मुदत मिळाली.

तुमचा,
चिन-फा

ता. क. भूमिदेवाच्या वाढदिवशी साहेब स्वतः तुमचा सत्कार करायला येत आहेत. दुकानात गर्दी हवी. वहिनींच्या माहेरच्या सगळ्यांना बोलवा. पुढच्या दाराने बाटल्या न्याव्यात, मागच्या दाराने परत आणाव्यात.

आणखी एक ता. क. खूश होऊन साहेबांनी मालाचे ट्रक तुमच्याकडे आधीच धाडले आहेत. देवळाचं अंगण मोकळं करून सगळा माल उतरवून घ्या. पण पाया पडतो दादा, कुणी कितीही मागितलं तरी एकही बाटली विकू नका. छिशांग हिरवं झालं की आपण संपलो.