अडीचशे ओहमचा आडमुठा

४ मार्च
भावोजी जेवताना माझ्याशी बोलत नाहीत, ताईला सांगतात. मी समोर बसलेलो असताना! "मागची खोली महिनाअखेर मोकळी पाहिजे म्हणावं." म्हणावं!

बरं. काम मिळतंय. स्टुडिओवाल्या बाईंनी दहा रेकॉर्डिंग दिलीत – लोक पुस्तकं वाचतात, त्यात कुठे खरखर, शिट्टी, पानाचा आवाज आहे ते ऐकून लिहून द्यायचं. बरोबर निघालं तर कायमची नोकरी, आणि या घराला रामराम. भावोजी ताईला म्हणाले, "ऐकायचे पैसे मिळतात? मी बारा वर्षं तुझं फुकटच ऐकतोय." ताई हसली. तीही त्यांच्यातलीच झाली.

६ मार्च
जुन्या मालाच्या दुकानातून हेडफोन आणला. स्टुडिओतला, दणकट. फोनला जोडला – आवाज पूर्ण वाढवला तरी वाचणारा माणूस पलीकडच्या गल्लीत बसल्यासारखा. परत दुकानात. दुकानदाराला मी चष्मा म्हणतो, नाव कोण विचारत बसतो. म्हणे हा अडीचशे ओहमचा, आडमुठा आहे, फोनच्या ताकदीने हलत नाही, ॲम्प लागणार – आवाजाला जोर देणारी डबी. मग विकताना का नाही सांगितलं? "तुम्ही विचारलं नाहीत." तेही गोड आवाजात!

७ मार्च
खिशाला परवडेल असा एकच ॲम्प होता. चष्मा सांगत होता, हेडफोनच बदलून न्या, बत्तीस ओहमचा, फोनवर आरामात चालेल, ॲम्पचा खर्च वाचेल. म्हणजे आधी दुखणं विकायचं, मग औषध. ऐकलं नाही. ॲम्पच घेतला.

येताना स्टँडवर तो ट्रकवाला भेटला, ज्याच्याबरोबर समुद्रापर्यंत गेलो होतो. त्याआधी अख्खा हंगाम गाण्याच्या कार्यक्रमांचे स्पीकर उचलायचो, कार्यक्रम चालू असताना त्यांच्याच मागे झोपायचो – असली झोप परत कधी लागली नाही. चल म्हणाला, केबिनमध्ये जागा आहे. दोन चहा झाले. जवळजवळ गेलोच होतो.

८ मार्च
काय आवाज उघडला! वाचणाऱ्या बाईने पान उलटलं तेही कळलं. पण मागे सारखं फस्स, आणि त्याच्यावर एक बारीक सीऽऽ. चष्म्याला फोन लावला. ॲम्पच्या मागचा खटका "जास्त"वरून "कमी"वर करा म्हणाला. फस्स गेलं. सी राहिली.

९ मार्च
दहाच्या दहा रेकॉर्डिंगांत शिट्टी आहे, शिवाय एकात खरखर, एकात पानाचा आवाज, असं लिहून पाठवलं. कसला भंगार स्टुडिओ आहे हा.

११ मार्च
बाईंचं उत्तर. "आठ रेकॉर्डिंग साफ होती, मुद्दाम ठेवली होती. उरलेल्या दोनमधलं तुम्ही नेमकं पकडलंत, असं फार कमी जणांना जमतं. शिट्टी तुमच्या ॲम्पची असेल. दुसऱ्यावर ऐकून सोमवारपर्यंत कळवा."

चष्मा! उद्या त्याची पूजा बांधतो.

१२ मार्च
दुकानात तमाशा केला. चष्म्याने शांतपणे हेडफोन लावला, बराच वेळ ऐकलं, म्हणाला मला तर शिट्टी ऐकू येत नाही. म्हटलं कान धुवून घ्या. गिऱ्हाइकं हसली. शेवटी त्याने आपल्या घरचा ॲम्प दिला, चांगला भारीतला, सोमवारपर्यंत वापरा म्हणाला. गप्प करायचे धंदे.

घरी जोडला. सी तशीच.

म्हणजे हेडफोनच नासका. ताईच्या कानाला लावला. "काही नाही रे, छान वाचतेय ती." मग भावोजींनी मागून घेतला – पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघून – आणि तेही म्हणाले, काही नाही. नवरा-बायको ठरवून बोलतात. खोली मोकळी पाहिजे, पण माझं काही धड झालेलंही यांना बघवत नाही.

१३ मार्च
दुपारी सगळ्या भागातली लाईट गेली. ॲम्प बंद. पंखा बंद, फ्रिज बंद, समोरचं लाकूड कापायचं मशीन बंद. हेडफोन काढून पलंगावर ठेवला.

सी चालूच आहे.