निपाणीला विकलेली, पण अजून माझ्या नावावरची गाडी

मी, नागेंद्र परशराम चौगुले, वय बावीस, राहणार सांबरा, शिक्षण बी.कॉम. अर्ध्यात सोडलेले, डोके ठिकाणावर ठेवून, कुणीही दम दिलेला नसताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. उद्या माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. डॉक्टर "काळजी करू नका" असं पुन्हा पुन्हा म्हणाले, म्हणून लिहीत आहे.

कलम एक. घर आईच्या, यशोदाबाईच्या, नावावर आहेच. बँकेत जे उरेल ते तिचं. आई, त्यातून जेवणावळ घालू नकोस.

कलम दोन. पान्यांची पेटी आणि जॅक मामेभाऊ आदर्शला. मित्र म्हणवणाऱ्या विक्रमला त्यातला एक नटसुद्धा नाही. माझं नि सोनलचं (कलम तीन पाहावे) तिच्या भावाला त्यानेच सांगितलं. खांदा द्यायला आला तर चहा पाजून परत पाठवावा.

कलम तीन. पांढरी गाडी. ही ऑपरेशनसाठी निपाणीच्या अरिहंत पायगोंडा पाटील यांना विकली, पैसे पूर्ण मिळाले. पण चातुर्मास लागला होता. त्यांचे वडील म्हणाले, "नावावर दिवाळीनंतर करू." मोठ्या माणसाचा शब्द, म्हणून गाडी देऊन टाकली. कागदोपत्री मालक आजही मीच.

विकलेल्या गाडीच्या तक्रारी आल्या की लोक फोन उचलत नाहीत. मी वाट बघायचो. पहिली तक्रार अरिहंतची, क्लच घट्ट आहे म्हणून. गेलो, तर दार त्याच्या बहिणीने, सोनलने, उघडलं. पुढच्या सगळ्या तक्रारी तिच्याच.

"अहो सांबरेकर, तुमची गाडी किंचाळतीय."

"पट्टा सैल झाला असंल."

"असंल काय? येऊन बघा की. का विकून मोकळे झालात?"

पट्टा ठीकच असायचा. बोनेट उघडून आम्ही दोघं इंजिनाकडे बघत उभे राहायचो. तिच्या आईला मागे बसवून मी तिला गाडी शिकवली.

दिवाळीनंतर तक्रारी बंद. शेवटी मीच अरिहंतला विचारलं, "गाडी कशी हाय?"

"लई झकास. एक तक्रार न्हाय. सही तेवढी कर, लग्नात दाजीला द्यायची हाय."

"कुणाच्या लग्नात?"

"सोनलच्या. उगं नाटक करू नको रं."

मी शिव्या देऊन फोन ठेवला आणि सही अडवून धरली. माझ्या हातात तेवढंच उरलं होतं. लग्न घरच्यांनी ठरवलं की तिनं, हे विचारायची हिंमत झाली नाही. परवा तिचा मेसेज आला : "भांडू नका. सही करा."

कलम चार. सही केली आहे. गाडी नावावर करायच्या फॉर्मवर नवा मालक म्हणून सोनल पायगोंडा पाटील हे नाव लिहिलं आहे. अरिहंतचं नाही, नवऱ्याचं तर नाहीच. गाडी तिला चालवता येते. अरिहंतची काही तक्रार असेल तर त्याने ती बहिणीकडे करावी.

कलम पाच. मृत्युपत्र माणूस मेल्यावरच चालतं, असं वकील सांगतात. मी मेलो तर फॉर्म आदर्शने पोचवावा. जगलो तर मलाच निपाणीला जाऊन तो तिच्या हातात द्यावा लागेल, आणि मांडव बघून एसटीने परत यावं लागेल. ते माझ्याच्याने होईल असं वाटत नाही. तरी कलम चार मी जगलो तरी लागू आहे.

सही : नागेंद्र प. चौगुले

साक्षीदार :
१. भरमू चौगुले, चुलते
२. जोतिबा गुरव, शेजारी (वाचून पाहिले. पोरगा रागात आहे, पण शुद्धीवर आहे.)

ठिकाण : सांबरा, ता. जि. बेळगाव
दिनांक : १२ जानेवारी २०२५