ग्रेडरची साखर

१० नोव्हेंबर २००५
दर्यापूरहून अकोल्याला जाऊन आलो. जठारपेठेतल्या डॉक्टरांनी साखर ४१२ सांगितली. किडनीवर ताण आलाय म्हणाले. रोज इन्सुलिन, मीठ कमी, दुखण्याच्या गोळ्या बंद. मी बावीस वर्षं कापसाचा ग्रेडर. मूठभर कापूस दाबून ओल सांगतो. स्वतःच्या अंगातली साखर मला कळणार नाही? मशीन बिघडली असेल. तरी उद्यापासून फिरणं. पहाटे पाच.

११ नोव्हेंबर, सकाळी ९
आत्ता उठलो. उद्यापासून नक्की.

१६ नोव्हेंबर
कौंडण्यपूरच्या यात्रेत एका वैदूकडून पावडर घेतली. तो म्हणाला, सुई एकदा लागली की सुटत नाही. पटलं. बायको लीला म्हणाली, "मंग डॉक्टर काय येडा हाय?" इन्सुलिन फ्रीजमध्ये आहे. सुरक्षित आहे.

३ डिसेंबर
कापूस खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग. दिवसभर उभा. गुडघे गेले. नियाजभाईच्या मेडिकलवर दुखण्याची गोळी मागितली. "जानरावभाऊ, तुमची किडनी जाईन. मी नाई देत." एवढ्या वर्षांची दोस्ती! दुसऱ्या दुकानातून गोळ्यांचा पत्ता आणला. फक्त सीझनपुरता.

२ जानेवारी २००६
वजन तीन किलो वाढलं. पावडर लागू पडली. लीला म्हणाली, "वजन नोय थे, पाय सुजले तुमचे." बोटानं दाबून दाखवलं. खड्डा तसाच राहिला. मोजे घट्ट असतील. नवे घेणे.

१९ जानेवारी
केंद्रावर चक्कर येऊन पडलो. डोमाजी नावाच्या म्हाताऱ्यानं उचललं, पाणी पाजलं. सकाळी त्याचाच कापूस ओला म्हणून परत केला होता.

२१ जानेवारी
अकोला. डॉक्टर माझ्याशी नाही, लीलाशी बोलले. तिनं विचारलं, गेलेली किडनी परत येते का? नाही म्हणाले. उरली तेवढी जपा, डायलिसिसची वेळ लांबेल. दुखण्याच्या गोळ्या किती खाल्ल्या, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चार-पाच. लीलानं पिशवीतून रिकामे पत्ते काढून टेबलावर ठेवले. अकरा.


२२ जानेवारी, सकाळी ७
अकोल्याच्या नर्सनं शिकवलं तसं लीलानं पोटात इन्सुलिन दिलं. "हालू नका," म्हणाली. हाललो नाही.
दुखलं नाही. मुंगी चावल्याएवढंही नाही.
लीला स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ रडत होती. मी सदरा वर धरून तसाच बसून होतो.