घोडीच्या चालीची गाडी

९ ऑक्टोबर, गुरुवार

नाही जमली! आज परत नाही जमली. पहिला गिअर, ॲक्सिलेटरवर पाय नाही, नुसती सोडून दिली — तरी पिकअप मेंढरांच्या पुढं निघून जाते. ब्रेक दाबला की गचके खाऊन बंद. क्लच अर्धा दाबून रेटली तर ओढा येईस्तोवर जळका वास.

आबा बांधावर काठी टेकून उभे. "लई पळती," एवढंच म्हणाले. पळती! बैलगाडीनं मागं टाकलं असतं तिला.

श्रावणात तांबडी घोडी मेली तेव्हाच मी म्हणालो होतो — दुसरी घोडी नको, पिकअप आहे ना. मेंढरं कोंडायची वाघर, भांडीकुंडी, कोकरं, सगळं मागं टाकू, बापाला पुढं सीटवर बसवू आणि दरसालासारखं मेंढरं चारायला गोदाकाठी, गंगथडीला जाऊ. आबांचे गुडघे दोन वर्षांपासून गेलेत. मागच्या दोन्ही खेपांना सगळी वाट घोडीच्या खोगिराला धरून चालले. म्हणजे सोय त्यांचीच! तर म्हणे बसणार नाही. "बसून मेंढरं राखत न्हाईत. गाडी घोडीच्या चालीनं चालंल तर मी येतो. न्हाईतर पाडवा झाला की मेंढरं काढून टाका."

काढून टाका! आज्यापणज्यापासूनची मेंढरं, आणि हा माणूस गिअरवर अडून बसलाय.

११ ऑक्टोबर, शनिवार

सगळं त्या टायरांमुळं. शेतवाटेला दगडावर गाडीचं पोट घासायचं म्हणून उन्हाळ्यात मोठे टायर टाकले. गाडी उंच झाली, मी खूश! मोठं चाक एका फेऱ्यात जास्त वाट कापतं हे डोक्यातच आलं नाही. इंजिन फिरतं तेवढंच, गाडी जाते पुढं.

मांजरसुंब्याला राधाकिशन मिस्त्रीकडं गेलो. म्हणाला, टायर राहू दे, मागचं क्राउन-पिनियन बदल. मागच्या ॲक्सलच्या गोळ्यात एक मोठं दातेरी चाक आणि त्याला फिरवणारं एक लहान. मोठ्याच्या एका फेऱ्याला लहान जितकं जास्त फिरेल तितकी गाडी सावकाश. दात मोजायचे, जोडी निवडायची. "सोपं हाय," म्हणाला. त्याचं काय जातंय.

१२ ऑक्टोबर, रविवार

गोळा उघडण्याआधी बाहेरून मोजून बघू म्हटलं. मागचं एक चाक जॅकवर उचललं. टायरवर खडूची रेघ, खाली इंजिनाकडून मागच्या ॲक्सलला येणाऱ्या शाफ्टवर रेघ. मी चाक फिरवायचं, आबांनी शाफ्टचे फेरे मोजायचे.

"रेघ मारली का?" आबा विचारतात. नाकासमोर ढळढळीत पांढरी रेघ! मी ओरडलोच. मग त्यांनी शाफ्टला चिंधी बांधायला लावली आणि हात लावून मोजलं. चाकाचा एक फेरा, शाफ्टचे दोन आणि थोडं. दोन? अशी गाडी जगात असते का! मी म्हणालो, तुमचं मोजणं चुकलं. ते म्हणाले, न्हाई. वाद. शेवटी राधाकिशनला फोन केला तर तो हसून लोळला. "एक चाक भुईवर हाय न्हवं बे? त्याच्या वाट्याचा फेराबी उचललेल्यालाच मारावा लागतो, दोनदा फिरीव." दोनदा फिरवलं. चार आणि जरासं. आबांचं बरोबर होतं.

उठून निघाले तर जॅकच्या दांड्यावर नडगी आपटली. खाली बघून चालायचं नाही! मी बोललो तर म्हणाले, "गुडघं रं, गुडघं." गुडघ्याचा आणि नडगीचा काय संबंध!

१४ ऑक्टोबर, मंगळवार

ढाब्यावर जो तो शहाणा. एक म्हणतो दात वाढव, दुसरा म्हणतो कमी कर, डिझेल वाचंल. कांद्याचा टेम्पो चालवणारा रामहरी सगळ्यांच्या वरचढ — "अंगद, गाडीला काय करतो? मेंढरास्नी पळायला शिकीव की!" सगळे हसले. मीही हसलो. आतून पेटलो होतो.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

राधाकिशननं जोडी बदलली. आधी नऊला सदतीस दात होते, आता नऊला एक्केचाळीस. टायर जितका वाढला तितकेच दात वाढवले, हिशेब चोख. मांजरसुंब्याच्या घाटात गाडी अशी ओढली की गाणं म्हणावंसं वाटलं.

घरी आलो. मेंढरं सोडली. गाडी पुढं!

वाटेवर बसून राहिलो. मग उजेड पडला. गाडी टायर बदलायच्या आधी होती तशी झाली, एवढंच. पण आधी तरी ती मेंढरांबरोबर कुठं चालत होती? तेव्हा चालायची ती घोडी! मी नुसता टायरचा हिशेब केला, मेंढराचा केलाच नाही. गाढव आहे मी.

बबिता म्हणाली, "मामांच्या पाया पडा, गाडीत बसा म्हणा." माझी बायको, पण सासऱ्याला ओळखत नाही अजून. तरी पडलो पाया. उपयोग शून्य. आईकडं गेलो. आई शेळीचं दूध काढत होती, वर न बघता म्हणाली, "म्हणतेत तर करून दे. कावून म्हणून इचारू नको." इचारू नको! या घरात मी ड्रायव्हर तेवढा आहे.

१८ ऑक्टोबर, शनिवार

केजला भंगारात सापडला. आपल्याच कंपनीच्या जड गाडीचा अख्खा मागचा ॲक्सल. सातला एक्केचाळीस दात.

राधाकिशन तो बघून गंभीर झाला. "हे टाकलं तर मेंढराच्या चालीनं जाईल, त्याची बोली माझी. पन डांबरीवर चाळिसाच्या म्होरं रडंल. तू बीडला कांदा न्यायचा का न्हाई पुढं?" न्यायचा आहे. गंगथडीहून परत आलो की उरलेलं वर्ष त्याच धंद्यावर निघतं. सकाळी निघून सौद्याला पोचणारी गाडी आता दुपारी पोचणार.

विचार करतो म्हणालो. चहा पिऊन परत आलो आणि म्हणालो, टाक. रागानंच म्हणालो. मेंढरं विकून आबा ओट्यावर बसलेले मला बघवणार नाहीत. आणि हे त्यांना कोण सांगणार? मी तर नाही.

२० ऑक्टोबर, सोमवार

बसला ॲक्सल. हायवेला काढली तर इंजिनचा नुसता आक्रोश. काटा पन्नास दाखवतो, गाडी चाळिशीत. उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन माझ्या पुढं गेला — वर हॉर्न! रामहरी ढाब्यावरून ओरडला, "उतरून ढकल!"

आज आबाही आले होते बरोबर. त्यांना गाडीला मागं एक कडी हवी. उजव्या कोपऱ्याला, कमरेच्या उंचीवर. वाघर बांधायला म्हणे! मागं तीन हुक आहेत, चौथा कशाला? राधाकिशननं कडी जोडली. आबांनी गार होईस्तोवर वाट बघितली, हात फिरवला, "वाईच खाली घी." त्यानं तोडून परत जोडली. परत हात फिरवला, मूठ घालून बघितली. "अजून वाईच." मी बाहेर जाऊन उभा राहिलो, नाहीतर तिथंच भांडण झालं असतं.

२२ ऑक्टोबर, बुधवार — पाडवा

वाड्यात दूध उतू घातलं. मेंढरं ओवाळली. बबितानं टायरलाही हळदकुंकू लावलं.

मग मेंढरं सोडली आणि मी पहिला गिअर टाकला. गाडी मुंगीसारखी निघाली! बंद पडली नाही, पुढं गेली नाही. मेंढरं बाजूनं चरत चालली. एक म्हातारी मेंढी तर बोनेटच्या पुढं थांबून निवांत शेंगा खाऊन मग हलली. मला वाटलं, आता आबा काहीतरी खोट काढणार. ते मागं कुठंतरी होते. "जमली," म्हणाले.

एवढी दगदग, आणि एक शब्द! तरी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. शनिवारी निघायचं.

२५ ऑक्टोबर, शनिवार

निघालो. आबांसाठी पुढची सीट झाडून ठेवली होती, तिच्यावर त्यांनी कोकरं ठेवली. स्वतः सगळी वाट कडीत हात घालून मागं चालले.

लिंबागणेशच्या अलीकडं ओढ्याला थांबलो. आबा पाणी प्यायला खाली उतरले. गाडी उतारालाच होती, इंजिन सुरू न करता चार पावलं सावलीला सोडली. आबा वर आले, गाडी आधी होती तिथं जाऊन उभे राहिले आणि हवेत कडी चाचपू लागले. भर दुपारी. पांढरी गाडी समोर उभी.

आबांना दिसत नाही. गुडघ्यांना काही झालेलं नाही.

आईनं जाऊन त्यांचा हात कडीत घातला. मग माझ्याजवळ आली. "घोडी व्हती तवर भागलं," म्हणाली.