गाडीत बसलेला बैल

१४ ऑगस्ट
इनेसने आज परत दामिनीला खांद्यावर बसवून वर्गात आणलं. नाल्याकाठच्या घरापासून वस्तीतल्या समाजमंदिरापर्यंत, चिखलातून — आणि वर ही बया गाणं म्हणत होती! दामिनीचे पाय जन्मापासून लुळे. इनेस येईपर्यंत त्या पोरीने वर्ग बाहेरूनसुद्धा पाहिला नव्हता.

जूनमध्ये इनेस पोर्तुगालहून सौंसरला माझ्या वर्गात शिकवायला आली, माझ्याच घरी उतरली. मला वाटलं, फोटो काढेल, पोट बिघडेल, परत जाईल. पोट बिघडलं. पण ती गेली नाही. मानलं बाई तिला.

१७ ऑगस्ट
गुडघा पार सुजला. घरापासून वस्ती म्हणजे मला आता काशी झाली. हर्षलचा नागपूरहून फोन — "पुरे कर आता, आई. रिटायर झालीस ना?"

महिनाअखेर इनेस जाणार. तिच्याबरोबर वर्गही बंद करायचं ठरवलं. मला चालवत नाही, दामिनीला आणणार कोण? पोरांना सांगायला तोंड होत नाही.

१९ ऑगस्ट
इनेसला तान्हा पोळा समजावला. मोठ्यांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी पोरांचा — लाकडी बैल सजवायचे, दारोदार न्यायचे, खाऊ नाहीतर पैसे मिळतात त्याला बोजारा म्हणायचं. वस्तीतल्या पोरांकडे कुठले बैल? झालं! संत्र्याच्या पेट्या फोडून हिने पोरांना बैल करायला बसवलं. वर्गात बसायला जागा नाही, नुसत्या फळ्या आणि खिळे.

दामिनीसाठी मोठा बैल. तिच्या बापाची, भिवाजीची मोडकी हातगाडी होती, तिला सायकलची चाकं लावली. पुढे बैल जुंपायचा, मागे दामिनी, सगळं गाव फिरायचं. इनेसने मोडक्यातोडक्या हिंदीत हे सांगितलं, तर पोरांनी खिळे ठोकणं थांबवलं. शेवटी रोशन म्हणाला, "दीदी, पोळ्याले बैल जुपत नाही जी. त्याले सुट्टी रायते."

"लकडी का है ना?"

"मंग? बैलच हाय ना तो."

बिचारीचा चेहरा पडला. पोरं चुकत नव्हती. दामिनी म्हणाली, "राहू द्या. मी नाही येत."

तिचं ते "राहू द्या" डोक्यातून जात नाही.

२० ऑगस्ट
गुडघा. घरीच.

२३ ऑगस्ट
तिकडे पांढुर्ण्याला गोटमारीची दगडफेक, इकडे आपला तान्हा पोळा. मी मारुतीच्या देवळाजवळ खुर्ची टाकून बसले होते.

आले! गाडीत दामिनी, तिच्या शेजारी झूल पांघरून, गळ्यात झेंडूची माळ घालून बैल बसलेला — आणि जुवाखाली रोशन आणि सुचिता! बाकीची पोरं मागून ढकलत होती. इनेस त्यांच्यातच, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली. बाजारातले लोक आधी हसले, मग वाट करून द्यायला लागले. किराणावाले मोरेश्वरजी दुकानातून उतरून आले, बैलाला कुंकू लावलं आणि विचारलं, "ही कोनाची अक्कल?"

सुचिता धापा टाकत म्हणाली, "दामिनीची. म्हने, बैलाले आराम करू द्या, तुमी ओढा."

दामिनीच्या ओच्यात बोजारा मावत नव्हता. मला रडू आलं, मी लपवलं नाही.

३० ऑगस्ट
पोरांना सांगितलं — उद्या दीदी जाणार, परवापासून वर्ग नाही. गुडघा दाखवला. पोरं दप्तरं उचलून निघाली. दामिनी तेवढी गुडघ्याकडे बघत राहिली.

३१ ऑगस्ट
इनेस गेली. बस सुटेपर्यंत खिडकीतून हात धरून होती. घर खायला उठलंय.

१ सप्टेंबर
सकाळी फाटकाशी खडखड. बाहेर गाडी उभी. जुवाखाली रोशन आणि सुचिता. दामिनी एका कडेला सरकून बसलेली.

"बसा बाई," ती म्हणाली. "बैल म्या मांडीवर घेतला."